धर्मराजालाही शाप
न्याय देणाराच चुकला तर? महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींनी हा जाब थेट यमधर्मालाच विचारला आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. ऋषी मौनात, राजाने त्यांनाच सुळावर चढवले! चूक उमगल्यावर त्याने क्षमा मागितली, पण सुळाचे टोक अंगात राहिले ते राहिलेच.

धर्म म्हणाला, लहानपणी तुम्ही कीटकांना गवताची काडी टोचली होती. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? ऋषींनी त्यालाच शूद्रयोनीत जन्माचा शाप दिला. (तो जन्म शिक्षा मानावा, हे आज खटकतेच.) तोच विदुर. शिवाय चौदा वर्षांपर्यंतचे पातक धरायचे नाही, अशी मर्यादाही घातली. १८६०च्या भारतीय दंडविधानात ही मर्यादा सात वर्षांची होती. २०२४मध्ये लागू झालेल्या न्याय संहितेतही सातच.