नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन क्रियांत मराठीने केवळ एका मात्रेचे अंतर ठेवले आहे. पहिली क्रिया बारशात घडते. दुसरी बारशाहून घरी परतताना. ब्रिटिश राजघराण्यात मूल जन्माला आले की या दोन्ही क्रिया जगभर एकदमच सुरू होतात. नाव काय ठेवणार, धर्मपिता कोण, झगा जुना की नवा, विधी कोणत्या चॅपेलमध्ये, छायाचित्रे कोणी काढली, अशा प्रश्नांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि पैजाही लागतात. आमच्यासारखी वाङ्मयाच्या अभ्यासात रमणारी माणसे अशा कुतूहलाकडे सहसा नाक मुरडून पाहतात. पण या कुतूहलाचा इतिहास चाळला तेव्हा ते आम्हांला तितकेसे पोरकट वाटेनासे झाले. लोक विचारतात तो प्रश्न बरोबरच असतो. तो अर्ध्यावर सोडून दिला जातो, एवढीच आमची तक्रार आहे.

आरंभ एका भांडणापासून करू. २४ जून १८१९ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात एका महिन्याच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. वडील ड्यूक ऑफ केंट, आई जर्मन, आणि मुलगी वारसाहक्काच्या रांगेत पाचवी. आजारी राजाच्या वतीने कारभार पाहणारा थोरला चुलता, प्रिन्स रीजंट, धर्मपित्यांपैकी एक होता. दुसरा होता रशियाचा झार पहिला अलेक्झांडर. आईवडिलांनी नावे योजून ठेवली होती. त्यांतले 'जॉर्जियाना' रीजंटने आदल्या दिवशीच बाद केले. ते त्याच्या स्वतःच्या 'जॉर्ज' या नावावरून आलेले, आणि आपले नाव झारच्या नावाआधी लावणे त्याला योग्य वाटेना, नंतर लावणे मानवेना. प्रत्यक्ष विधीच्या वेळी आर्चबिशप मुलीला हातांवर घेऊन नावाची वाट पाहत उभे राहिले. रीजंटने 'अलेक्झांड्रिना' एवढेच सांगितले. वडिलांनी 'शार्लट' सुचवले. ते रीजंटच्या दीड वर्षापूर्वी बाळंतपणात वारलेल्या एकुलत्या एक मुलीचे नाव, म्हणून त्याला नकार. 'ऑगस्टा' सुचवले, त्यालाही नकार. शेवटी, आईचेच नाव द्या, पण तेही झारच्या नावानंतर, असा निवाडा झाला. आई तोवर रडू लागली होती. मुलीचे नाव ठरले अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया.

इंग्रजी कानांना हे दुसरे नाव तेव्हा परकेच होते. मुलगी पुढे गादीची वारस ठरल्यावर, १८३१ मध्ये, ते बदलून एखादे रुळलेले इंग्रजी नाव द्यावे असा विचार राजा आणि मंत्री यांच्यात झाला. तो तडीस गेला नाही. २० जून १८३७ रोजी ती राणी झाली तेव्हा पहिल्या कागदपत्रांत 'अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया' असेच लिहिले होते. तिने सही केली ती मात्र नुसती 'व्हिक्टोरिया' अशी. झारचे नाव गळून पडले आणि नाइलाजाने दिलेले नाव उरले.

आता हे नाव कोठकोठे गेले ते पाहा. आपल्या विद्यापीठांत 'व्हिक्टोरियन' कादंबरी आणि 'व्हिक्टोरियन' नीतिकल्पना शिकवल्या जातात. एकोणिसाव्या शतकातील मराठी सुधारकांवर लिहिताना हे विशेषण आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यामागे एका बाळाचे नाव आहे, हेही आठवत नाही. मुंबईत घोडागाडीला व्हिक्टोरिया म्हणत. बोरीबंदरच्या स्थानकाला १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, तेच नाव मिळाले. १९९६ मध्ये ते अधिकृतरीत्या बदलले, तरी जुने मुंबईकर अजून 'व्हीटी'च म्हणतात. रीजंट त्या दिवशी थोडा नरमला असता तर स्थानकावर 'जॉर्जियाना टर्मिनस' अशी पाटी लागली असती. आणि साहित्येतिहासकारांची पंचाईत अशी झाली असती की त्यांचा 'जॉर्जियन' कालखंड संपण्याचे नावच घेतले नसते. गमतीचा भाग सोडला तरी मुद्दा उरतोच. राजघराण्यातील मुलाचे नाव त्याच्या घरापुरते राहत नाही. ते नाण्यांवर, कायद्यांवर, रस्त्यांवर आणि अभ्यासक्रमांवर उमटते, आणि ज्यांनी ते निवडलेले नसते अशा कोट्यवधी माणसांच्या तोंडी बसते. त्याविषयी लोकांनी कुतूहल दाखवले तर त्याला नुसते भोचकपणा म्हणता येत नाही.

व्हिक्टोरियाने नामकरणाचे हे सामर्थ्य नीट ओळखले होते. पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी तिने कमळकळ्यांनी सजवलेले, सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे पात्र करवून घेतले. १० फेब्रुवारी १८४१ रोजी ते प्रथम वापरले गेले. त्यासोबतचा रेशमाचा आणि हॉनिटन लेसचा झगाही तेव्हाचाच. जानेवारी १८४२ मध्ये युवराजाचा बाप्तिस्मा विंडसर येथे झाला, तेव्हा प्रशियाचा राजा धर्मपिता म्हणून जातीने हजर राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक निघाले. राजवाड्यातील समारंभ आता ज्यांना निमंत्रण नव्हते त्यांनाही 'पाहता' येऊ लागला.

या काळातील एक नाव मराठी वाचकाने थोडे थांबून वाचावे असे आहे. १ मे १८५० रोजी राणीला तिसरा मुलगा झाला. तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या वाढदिवशी जन्मला, म्हणून वेलिंग्टनलाच धर्मपिता करून मुलाचे नाव आर्थर ठेवले. वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली; २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती. ज्या नावाचा दबदबा जालन्याजवळच्या त्या शिवारातही घडला, ते नाव ब्रिटिश राजघराण्यातील पाळण्यात गेले, आणि हा धाकटा आर्थर, ड्यूक ऑफ कॅनॉट, १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचा सरसेनापती होऊन इकडेच आला. दिल्लीतील कॅनॉट प्लेस त्याच्याच पदवीवरून ओळखले जाते.

पण नाव देण्याच्या अधिकाराची खरी धार अन्यत्र दिसते. कूर्गचा राजा चिक्कवीर राजेंद्र याला कंपनीने १८३४ मध्ये पदच्युत केले होते. आपली जप्त संपत्ती परत मिळावी या आशेने तो १८५२ मध्ये मुलीसह इंग्लंडला गेला. ३० जून १८५२ रोजी त्या मुलीचा, गौरम्माचा, बाप्तिस्मा झाला. ती तेव्हा अकराव्या वर्षात होती. धर्ममाता स्वतः राणी झाली आणि मुलीला तिने आपलेच नाव दिले: व्हिक्टोरिया गौरम्मा. राणीची माया खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण राज्य घेतले, खजिना घेतला आणि त्यानंतर नाव दिले, हा क्रम डोळ्यांआड करता येत नाही. गौरम्मा १८६४ मध्ये ऐन तारुण्यात वारली. तिच्या वडिलांवर मास्ती वेंकटेश अय्यंगार यांनी कन्नडमध्ये लिहिलेली 'चिक्कवीर राजेंद्र' ही कादंबरी आपल्या तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असेलच. केन्सिंग्टनमधल्या भांडणात ज्या मुलीला आईचे नाव नाइलाजाने मिळाले, तिने तेहतीस वर्षांनी ते एका परक्या मुलीला कृपा म्हणून दिले.

आता २३ जून १८९४ या तारखेकडे येऊ. त्या दिवशी राणीला पणतू झाला. त्याच दिवशी वेल्समधील सिलफनिथ गावाच्या अल्बियन कोळसाखाणीत स्फोट होऊन २९० पुरुष आणि मुले मरण पावली. बाळाच्या जन्माबद्दल राणीचे अभिनंदन करणारा ठराव २८ जून रोजी लोकसभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, आला. फ्रान्सच्या अध्यक्षांची नुकतीच हत्या झाली होती. त्यांच्यासाठी सभागृहाने दुखवटा व्यक्त केला होता. मजूर नेते आणि खासदार कीअर हार्डी यांनी खाणीत मेलेल्यांच्या कुटुंबांसाठीही सहानुभूतीचे दोन शब्द ठरावात घालावेत अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा हार्डी सभागृहाच्या आरड्याओरड्यात एकटे उभे राहून ठरावाविरुद्ध बोलले. या मुलाभोवती लहानपणापासून खुशमस्कऱ्यांचा गराडा पडेल, आपण इतरांहून श्रेष्ठ आहोत असे त्याला शिकवले जाईल, पुढे त्याच्या न शोभणाऱ्या विवाहाच्या वावड्या उठतील आणि या साऱ्याचा खर्च देश भरेल, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

बाळाचा बाप्तिस्मा १६ जुलै रोजी झाला. त्याला सात नावे मिळाली: एडवर्ड, अल्बर्ट, ख्रिश्चन, जॉर्ज, अँड्र्यू, पॅट्रिक, डेव्हिड. शेवटची चार अनुक्रमे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांच्या रक्षक संतांची. घरात त्याला डेव्हिड याच नावाने हाक मारीत. वेल्सच्या संताचे नाव घेतलेले हे मूल ज्या दिवशी जन्मले, त्या दिवशी वेल्सच्या भूमीखाली २९० माणसे गुदमरली, आणि त्यांच्यासाठी संसदेला एक वाक्य जोडवले नाही. राजघराण्याच्या नामकरणाविषयी आम्ही जे काही वाचले, त्यात आम्हांला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. नावात चारही देश सामावून घेतले. त्या देशांतली माणसे मात्र ठरावात मावली नाहीत. हाच मुलगा १९३६ मध्ये आठवा एडवर्ड झाला आणि त्याच वर्षी विवाहाच्या प्रश्नावरून त्याने गादी सोडली. हार्डींची भविष्यवाणी खरी ठरली म्हणून हे भाषण अनेकांना आठवते. आम्हांला ते त्या नाकारलेल्या ओळीसाठी आठवते.

विसाव्या शतकात कुतूहलाचे विषय बदलत गेले. १९४८ च्या नोव्हेंबरात चार्ल्सचा जन्म झाला, तेव्हा त्याचे नाव १५ डिसेंबरच्या बाप्तिस्म्यापर्यंत जाहीर केले नव्हते. तो विधीही संगीतकक्षात उरकावा लागला, कारण राजवाड्यातील चॅपेल १९४० च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते. १९८२ मध्ये विल्यमचे नाव आठवड्याभरात कळले. २०१३ मध्ये जॉर्जचे दोनच दिवसांत, आणि त्याच्या नामकरणानिमित्त टांकसाळीने नाणेही काढले. नाव असे आधीच फुटू लागल्यावर लोकांची नजर झग्याकडे आणि धर्मपित्यांच्या यादीकडे वळली. व्हिक्टोरियाच्या काळचा झगा २००४ पर्यंत बासष्ट बाळांनी घातला; तो फार जीर्ण झाल्यामुळे २००८ पासून त्याची प्रतिकृती वापरतात, आणि नवे कापड जुने दिसावे म्हणून ते चहात रंगवण्यात आले. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेला परंपरांच्या निर्मितीवरील ग्रंथ वर्गात शिकवताना याहून सोपे उदाहरण शिक्षकांना मिळणार नाही.

धर्मपित्यांच्या यादीचेही असेच. १८१९ मध्ये झार आणि १८४२ मध्ये प्रशियाचा राजा, ही नावे म्हणजे युरोपच्या राजकारणाचा नकाशा होता. आता त्या यादीत मित्र आणि चुलतभावंडे असतात. राजकारण ओसरले, तरी विचारण्याची सवय उरली. म्हणूनच ६ जुलै २०१९ रोजी विंडसरच्या खाजगी चॅपेलमध्ये आर्चीचा बाप्तिस्मा झाला आणि धर्ममातापित्यांची नावे आईवडिलांनी जाहीर केली नाहीत, तेव्हा गहजब उडाला. त्यांच्या घराच्या दुरुस्तीवर सार्वजनिक निधीतून चोवीस लाख पौंड खर्च झाल्याचे नुकतेच उघड झाले होते. ही रक्कम पुढे २०२० मध्ये परत करण्यात आली. पैसे आमचे, मग गुपित तुमचे कसे, असा लोकांचा सवाल होता. मुलाला राजपुत्र म्हणवायचे नाही, मग त्याचे खाजगीपण का जपू नये, असा आईवडिलांचा. आम्हांला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पण धर्मपित्याचे नाव कळल्याने खर्चाचा हिशेब लागत नाही; आणि हिशेब मागायचाच असेल तर तो बाळाच्या पाळण्याशी नव्हे, संसदेत मागायचा असतो, हे हार्डींनी सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

नाव ठेवण्याचा अधिकार राजवाड्याकडे असला तरी ते टिकवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. १८४२ मध्ये विंडसरला ज्याचे 'अल्बर्ट एडवर्ड' असे नाव ठेवले, त्याने १९०१ मध्ये गादीवर येताच आईने हौसेने दिलेले 'अल्बर्ट' सोडून दिले. तो युवराज असताना मुंबईत त्याचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यावरची पाटी वाचली असेल किंवा नसेल. त्या भागाला त्यांनी नाव ठेवले 'काळा घोडा'. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलवून भायखळ्याला नेला, तरी नाव हलले नाही. २०१७ मध्ये त्या ठिकाणी पुन्हा एक काळा घोडा उभा करण्यात आला. त्याच्या पाठीवर कोणी स्वार नाही.