ऑक्सिहायड्रोजन वायू (वाहनांतील पूरक इंधन)

ऑक्सिहायड्रोजन वायू म्हणजे पाण्याच्या विद्युत अपघटनाने मिळणारे, आकारमानाने दोन भाग हायड्रोजन व एक भाग ऑक्सिजन यांचे मिश्रण होय. यूल ब्राउन यांच्या नावावरून त्यास 'ब्राउन वायू' असेही म्हणतात. मोटारीत पेट्रोल वा डिझेलबरोबर हा वायू वापरल्यास इंधनाची बचत होते, असा दावा त्याची उपकरणे विकणारे करतात.

कार्यपद्धती

विद्युतघटातील पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखे अपघटनी द्रव्य मिसळलेले असते. बॅटरीच्या विद्युतप्रवाहाने तयार झालेला वायू हवेसोबत इंजिनात ओढला जातो.

ऊर्जेचा हिशेब

१८ ग्रॅम पाण्याच्या अपघटनास किमान २८६ किलोज्यूल ऊर्जा लागते. मिळालेला हायड्रोजन जाळल्यास तेवढीच परत मिळते. मात्र बॅटरी भारित करणारे जनित्र इंजिनच फिरवते आणि इंजिन इंधनातील ऊर्जेच्या जेमतेम तृतीयांश भागाचे यांत्रिक कार्यात रूपांतर करते. त्यामुळे या चक्रात ऊर्जेचा तोटाच होतो. हायड्रोजनमुळे इंधनाचे प्रमाण कमी असलेले मिश्रणही पेटते, हे प्रयोगांत दिसले आहे. परंतु त्यासाठी लागणारा हायड्रोजन अशा लहान घटातून मिळणाऱ्या वायूपेक्षा बराच अधिक असतो.

फसवणूक व धोके

पाण्यावर मोटार चालवल्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयर यांना १९९६ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील न्यायालयाने फसवणुकीबद्दल दोषी ठरवून गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करण्याचा आदेश दिला. या मिश्रणात ज्वलनास लागणारा ऑक्सिजन आधीच असल्याने ते साठवल्यास लहानशा ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो.