मानेच्या मणक्यांचे विकार आणि गिळण्यातील अडचण

मानेच्या मणक्यांचे काही विकार घसा व अन्ननलिका यांवर पुढच्या बाजूने दाब आणतात आणि त्यामुळे घास गिळणे कठीण होते. गिळण्यातील अडचणीला वैद्यकात डिस्फेजिया म्हणतात. मणक्यांमुळे उद्भवणारा डिस्फेजिया तुलनेने विरळ असून तो मुख्यतः उतारवयात आढळतो. मानेच्या क्ष-किरण चित्रात वाढलेले हाड दिसले, एवढ्यावरून ते गिळण्याच्या त्रासाचे कारण ठरत नाही. अन्ननलिकेचा कर्करोग आणि इतर गंभीर कारणे आधी वगळावी लागतात.

शरीररचना

मानेत सात मणके असतात. त्यांच्या लगेच पुढे स्नायूंचा पातळ थर, त्यापुढे घशाची मागील भिंत आणि खालच्या भागात अन्ननलिका असते. अन्ननलिका साधारणपणे सहाव्या मणक्याच्या पातळीवर सुरू होते. प्रौढ व्यक्तीत तिची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर असते. गिळताना स्वरयंत्र वर व पुढे सरकते, त्यावरील झाकण मागे कलून श्वासमार्ग झाकते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. घशातील ही क्रिया सुमारे एका सेकंदात पूर्ण होते.

गिळण्याचे नियंत्रण मुख्यतः मेंदूच्या तळाशी उगम पावणाऱ्या मज्जातंतूंकडे असते. हातांकडे जाणाऱ्या मानेतील मज्जातंतूंकडे नसते. म्हणून स्पॉन्डिलोसिसमुळे हाताला मुंग्या येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना गिळण्याचा त्रास होत नाही.

कारणे

हाडाची वाढ : वयोमानानुसार मणक्यांच्या कडांना हाडाची टोके फुटतात. ती पुढच्या बाजूस वाढली तरी बहुतेकांना त्रास देत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या मणक्यांजवळची मोठी वाढ स्वरयंत्रावरील झाकणाच्या हालचालीस अडथळा करू शकते. पाचव्या-सहाव्या मणक्यांजवळ घसा अन्ननलिकेला जोडलेला व अरुंद असल्याने तेथे लहान वाढही जाणवू शकते.

फॉरेस्टिए रोग : यात मणक्यांच्या पुढील अस्थिबंध हाडासारखे कठीण होऊन मेणाच्या ओघळासारखे दिसतात. झाक फॉरेस्टिए व झौमे रोतेस-केरोल यांनी १९५० मध्ये या रोगाचे वर्णन केले. तो पन्नाशीनंतर, पुरुषांत आणि मधुमेह वा स्थूलता असणाऱ्यांत अधिक आढळतो.

मणक्यांचा क्षयरोग : मानेच्या मणक्यांना क्षय झाल्यास घशामागे पू साठतो. मानदुखी, मान आखडणे, बारीक ताप व वजन घटणे यांसोबत गिळताना त्रास होतो. क्वचित श्वासही अडतो. अशा स्थितीत मान चोळणे किंवा झटका देऊन 'मोडणे' धोक्याचे असते, कारण कमकुवत झालेला मणका सरकून मज्जारज्जूस इजा होऊ शकते.

शस्त्रक्रिया व दुखापत : मानेच्या पुढून केलेल्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेनंतर सूज येऊन काही दिवस ते काही आठवडे गिळणे जड जाते. बहुतेकांत ते हळूहळू सुधारते. मणक्याचे अस्थिभंग आणि मान मागे झुकवून ठेवणारा पट्टा यांमुळेही अडचण येते.

लक्षणे

कोरडी भाकरी किंवा भाताचा घास घशात अडकल्यासारखा वाटणे, घासागणिक पाणी प्यावे लागणे, जेवताना ठसका लागणे, आवाज बदलणे, मान वर केल्यावर त्रास वाढणे ही प्रमुख लक्षणे होत. अन्न वारंवार श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

आधी घन पदार्थ व पुढे पातळ पदार्थही अडकू लागणे, वजन घटणे, रक्त पडणे आणि आवाज सतत घोगरा राहणे ही कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. तंबाखू व मद्य सेवन करणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. अशा वेळी 'मानेचे हाड वाढले आहे' असे मानून थांबल्यास उपचाराचा मोलाचा काळ हातचा जातो.

निदान

मानेचे बाजूने घेतलेले क्ष-किरण चित्र ही सोपी प्राथमिक तपासणी होय. दुर्बिणीने घसा व अन्ननलिका पाहिली जाते. हाडाची वाढ मोठी असल्यास ही तपासणी विशेष जपून करतात, कारण अन्ननलिकेला छिद्र पडण्याची भीती असते. बेरियम पाजून घेतलेल्या चलचित्रात घास नेमका कोठे अडतो ते दिसते. हाडासाठी सीटी स्कॅन, तर मज्जारज्जू व पू यांसाठी एमआरआय उपयुक्त ठरते.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतील रुग्णांना पुढील तपासणीसाठी अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा (स्थापना २००२) आधार घेता येतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ व अस्थिरोगतज्ज्ञ या दोघांचे मत घेणे हितावह असते.

उपचार

सौम्य त्रासात मऊ अन्न, लहान घास, सावकाश चावणे व ताठ बसून जेवणे यांनी आराम पडतो. भाकरी वरणात वा दुधात कुस्करून घेता येते. हनुवटी किंचित खाली झुकवून गिळल्याने काहींना लाभ होतो. योग्य पद्धत वाचा-उपचारतज्ज्ञ तपासून ठरवतात. सूज कमी करणारी औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी लागतात. क्षयरोगात पूर्ण मुदतीची औषधयोजना आवश्यक असते, तर साठलेला पू काही वेळा काढावा लागतो.

या उपायांनी गुण न आल्यास, वजन घटत असल्यास किंवा श्वास अडत असल्यास वाढलेले हाड शस्त्रक्रियेने काढतात. त्यानंतर बहुतेकांचे गिळणे सुधारते. मात्र काही वर्षांनी हाड पुन्हा वाढू शकत असल्याने नियमित तपासणी करावी लागते.

हेही पाहा

अन्ननलिका
पाठीचा कणा
क्षयरोग
अन्ननलिकेचा कर्करोग