काडी, केसांचा ब्रश आणि विजेचा ब्रश : हिरड्यांच्या नजरेतून

"डॉक्टर, चार्जिंगचा ब्रश घेऊ का? त्याने हिरड्या झिजतात म्हणे!" असे हल्ली मधुमेहाच्या तपासणीला आलेले रुग्णही विचारतात. मी दातांचा डॉक्टर नाही, पण प्रश्न रास्त आहे. रक्तातली साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. म्हणून ब्रशचा इतिहास थोडक्यात पाहू. उत्तर त्यातच आहे.

काडीचा काळ

आपल्याकडे कडुनिंब, बाभूळ, करंज यांच्या काड्यांनी दात घासत. सुश्रुतसंहितेत ही काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड आणि बिनगाठीची असावी असे सांगितले आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त आणखी एक अट घातली : हिरड्यांना इजा होऊ न देता दात घासावेत. म्हणजे 'दात साफ व्हावेत, पण हिरडी दुखावू नये' ही कसरत तेव्हापासूनची आहे. पुढे घरोघरी राखुंडी, कोळशाची पूड आणि मशेरी आली. राखेचे आणि कोळशाचे खरखरीत कण दात झिजवतात. मशेरी तर भाजलेली तंबाखूच. तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. ती कोणी अजून लावत असेल, तर आजच सोडा.

केसांचा ब्रश

डुकराचे राठ केस दांडीत बसवलेला ब्रश चीनमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस वापरात होता. इंग्लंडमध्ये 1780 च्या सुमारास विल्यम अॅडिस यांनी हाडाची मूठ असलेले ब्रश बनवून विकायला सुरुवात केली. हे केस लवकर वाळत नसत आणि त्यांत जंतू वाढत. 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉनचे केस असलेला ब्रश बाजारात आला. ही अडचण बरीच दूर झाली, पण सुरुवातीचे नायलॉन इतके कडक होते की हिरड्या खरचटत. मऊ नायलॉन 1950 च्या दशकात आले.

याच सुमारास चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरांनी घासण्याची पद्धतच बदलली. तेही मूळचे दंतवैद्य नव्हेत. मलेरियाच्या परजीवीवर काम केलेले हे वैद्यकाचे प्राध्यापक. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथेच आजार सुरू होतो, म्हणून मऊ ब्रश तिथे 45 अंशांत तिरपा टेकवून हलकेच थरथरवावा, असे त्यांनी शिकवले. 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना दात घासणे बंद करायला लावले. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. दातावरचा जंतूंचा चिकट थर हेच सुजेचे मूळ, हे यातून सिद्ध झाले.

विजेचा ब्रश

1954 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 'ब्रॉक्सोडेंट' हा विजेचा ब्रश तयार झाला. तो प्रामुख्याने ज्यांचे हात नीट चालत नाहीत आणि ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत, अशांसाठी होता. 1961 मध्ये चार्ज होणारा, बिनवायरचा ब्रश आला. गोल डोके मागे-पुढे फिरणारे आणि वेगाने कंप पावणारे ब्रश 1990 च्या दशकात रुळले.

मग सरस कोणता? 2014 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 56 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. साध्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने चिकट थर पहिल्या तीन महिन्यांत 11 टक्के आणि त्यानंतर 21 टक्के कमी आढळला. हिरड्यांची सूज अनुक्रमे 6 आणि 11 टक्के कमी होती. हिरड्यांना इजा झाल्याच्या नोंदी थोड्या होत्या, आणि त्याही किरकोळ व तात्पुरत्या. म्हणजे फायदा आहे, पण डोंगराएवढा नाही. आणि 'मशीनने हिरड्या झिजतात' ही भीतीही अनाठायी आहे. हिरड्या मागे सरकण्यात जोर लावून, कडक ब्रशने, आडवे खसाखसा घासण्याचा वाटा मोठा असतो. तो जोर दोन्ही ब्रशने लावता येतो.

तुम्ही काय करावे?

- संधिवात, कंपवात, पक्षाघातानंतरचा अशक्त हात, दातांना तारा : परवडत असेल तर विजेचा ब्रश जरूर घ्या. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचे दात घासून देणाऱ्यालाही तो सोयीचा पडतो.
- तो दातावर घासायचा नसतो. एकेका दातावर नुसता टेकवायचा, काम ब्रश करतो. दाब जास्त झाल्यास सूचना देणारा मिळाला तर उत्तम.
- हात नीट चालत असतील, तर मऊ केसांचा साधा ब्रशही पुरतो. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे.
- केस फाकले की, किंवा तीन महिन्यांनी, ब्रश अथवा त्याचे डोके बदला.
- हिरड्यांतून रक्त आले म्हणून घासणे थांबवू नका. बहुतेकदा तिथे थर साचलेला असतो. हलक्या हाताने घासत राहा आणि दंतवैद्याला दाखवा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर तेही त्यांना सांगा.

हजारो रुपयांचा ब्रश दोन दिवसांआड वापरण्यापेक्षा साधा ब्रश रोज रात्री झोपण्यापूर्वी वापरलेला केव्हाही चांगला.