मामांची तिसरी बंदूक

आमच्या मामांकडे तीन बंदुका होत्या: आजोबांची बाराबोअर दुनळी, एक एकनळी आणि हौसेने घेतलेली पंप-अ‍ॅक्शन. २०१९ साली कायदा बदलला. आता वारशाची धरूनही दोनच. तिसरी वर्षाच्या आत जमा करायची.

"पंप ठेवा," मी व्यवहाराचं बोललो. "तिच्यात काडतुसं जास्त मावतात."

"काहून रे? मारायचं काय? शिकार तर बंद!"

मी त्यांना धीर म्हणून जनरल आवारींची गोष्ट सांगितली. १९२७ साली याच नागपुरात मंचेरशा आवारींनी १८७८ च्या इंग्रजी शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. परवाना न घेता तलवारी मिरवल्या अन् तुरुंगात गेले. हत्यारी सत्याग्रह गांधीजींना पटला नाही. पण १९३० साली आयर्विनसाहेबांपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, हीही एक होतीच. (महात्म्याच्या यादीत बंदूक! मला शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं.)

"मग मी तलवार घेऊन सीताबर्डीवर फिरू?" मामा म्हणाले.

दुनळीवर आजोबांच्या तळहाताने काळा पडलेला दस्ता होता. तो त्यांनी दोनदा पुसला आणि पंप-अ‍ॅक्शन उचलून निघाले. मामीने दारातूनच विचारलं, "उरलेल्या दोन कधी?"