टर्मिनल काढून बघू नका: डायनॅमो गेला, सवय राहिली

(या भागाचं शब्दांकन. अडखळलो ते आणि मागे वाजणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज किल्ला नाही, लढाई नाही, तहसुद्धा नाही. आज आपण गाडीचं बॉनेट उघडणार आहोत. घाबरू नका, भाग इतिहासाचाच आहे.

आमच्या घरी २००४ची मारुती ८०० आहे. १५ वर्षं झाल्यावर एकदा पासिंग करून घेतलं, आता पुन्हा ५ वर्षं झाली. म्हणजे घरात विषय एकच: गाडी ठेवायची की काढायची? आई म्हणते काढा. पप्पा काही म्हणत नाहीत, फक्त रविवारी गाडी धुतात. आणि नेमकं याच दिवसांत डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायला लागला. कधी लागायचा, कधी जायचा.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून जेलरोडला घरी आलो, तर पप्पा बॉनेट उघडून उभे. हातात १० नंबरचा पाना. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मला म्हणाले, "जरा रेस दे." मी दिली. त्यांनी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सैल केलंच होतं, ते उचललं.

हेडलाइट क्षणभर लख्ख झाले. एक बल्ब गेला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं. टर्मिनल परत लावून स्टार्टर मारला तर गाडी चालू झाली, पण आता तो लाल दिवा मिणमिणत नव्हता. ठाम लागून राहिला होता.

मी चिडलो. मी बीटेक, कोड लिहिणारा माणूस, आणि मोबाइलवर दोन मिनिटांत सापडलं की चालू गाडीची बॅटरी कधीही काढू नये. मी म्हटलं, "पप्पा, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

ते म्हणाले, "आप्पांनी."

आप्पा म्हणजे माझे आजोबा. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये मशीनवर होते. त्यांच्याकडे एक जुनी फियाट होती. मी जन्मायच्या आधीच विकलेली, पण आमच्या घरात अजून तिच्याबद्दल वर्तमानकाळात बोलतात. यावर मी गप्प बसलो. आप्पांना मशीनमधलं कळत नव्हतं, असं म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. मग आप्पा चुकले कसे?

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत नाही, पण जवळपास तशीच, दिवे-पंखा सगळं बंद ठेवून, द्वारकेजवळच्या एका वायरमनकाकांकडे नेली. वय सत्तरीच्या पुढे, डायनॅमोवर शिकलेला माणूस. पप्पांनी काय केलं ते मी सांगितलं. मला वाटलं काका ओरडतील. ते हसले. "फियाटवाले सगळे असंच बघायचे. मीपण असंच बघायचो."

आणि मला कळलं की आजचा भाग सापडला.

तर, थोडं मागे जाऊ. १८३१मध्ये मायकल फॅरडेने दाखवलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते. पुढच्याच वर्षी, १८३२मध्ये, पॅरिसला इपोलित पिक्सी याने हाताने फिरवायचं यंत्र केलं. चुंबक गोल फिरायचा आणि वेटोळ्यातून वीज निघायची. पण ती वीज उलटसुलट दिशेने वाहायची. म्हणजे आज ज्याला आपण एसी म्हणतो ती. त्या काळी लोकांना माहीत होती ती बॅटरीची वीज, एकाच दिशेने वाहणारी. या उलटसुलट विजेचं करायचं काय? मग अँपियरच्या सूचनेवरून पिक्सीने त्याला एक फिरता स्विच बसवला, जो प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला जोडणी उलटी करतो. तोच कॉम्युटेटर.

म्हणजे बघा, यंत्रातून आधी निघाली ती एसीच. तिला सरळ करायला कॉम्युटेटर आला आणि पुढे गाडीतला डायनॅमोही याच तत्त्वावर चालला. १९१२मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला, हँडल मारायचे दिवस सरायला लागले, आणि बॅटरी भरणारा डायनॅमो गाडीचा अवयवच झाला.

आता फियाट. आपल्याकडे ती बनायची कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. ही कंपनी १९४४मध्ये काढली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस, पण आपल्या जिल्ह्याशी नातं जवळचं. मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखाना त्यांचाच, १९३३चा. लहानपणी ज्या रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या, त्यांच्या आणि आप्पांच्या फियाटच्या मागे एकच माणूस होता, हे मला या भागाची तयारी करताना कळलं. वालचंद १९५३मध्ये गेले. फियाट ११०० त्यानंतर रस्त्यावर आली आणि १९७०च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं.

फियाट ११००मध्ये डायनॅमो होता. त्यात चुंबकाची कॉइल बाहेर, एका जागी बसलेली. आणि ज्या वेटोळ्यांत वीज तयार होते ते आर्मेचर आत फिरतं. म्हणजे तयार झालेली सगळी वीज फिरत्या भागातून बाहेर काढायची. ते काम कॉम्युटेटर आणि त्यावर घासणारे कार्बन करायचे. ठिणग्या उडायच्या, कार्बन झिजायचे, कॉम्युटेटर काळा पडायचा. काका सांगत होते, तो लेथवर घासायचा, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने खोल करायचा, मग पुढची काही वर्षं बघायला नको.

डायनॅमोची दुसरी अडचण म्हणजे वेग. जड आर्मेचर फार जोरात फिरवलं तर वेटोळी सुटून बाहेर येतील. म्हणून इंजिन जोरात पळतानाही तो आवाक्यात राहील अशी पुली ठेवायची. मग गाडी सिग्नलला उभी राहिली की डायनॅमो इतका हळू फिरतो की वीज जवळजवळ नाहीच. फियाटचा लाल दिवा उभ्या गाडीत मिणमिणायचा, त्याला कुणी बिघाड म्हणायचं नाही.

आणि अशा वेळी बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत शिरू नये म्हणून मध्ये एक कट-आउट असायचा. छोटा रिले. डायनॅमो जोरात फिरला की जोडणार, मंदावला की टक् करून तोडणार.

आता आप्पांची परीक्षा बघा. थोडी रेस द्यायची, म्हणजे कट-आउट जोडला जातो. मग बॅटरी काढायची. इंजिन चालू राहिलं तर डायनॅमो ठीक, बंद पडलं तर डायनॅमो गेला. मीटर नको, काही नको. व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तर एखादा बल्ब जाईल. पण सगळ्या गाडीत तांबं, लोखंड आणि कार्बन. झटक्याने मरेल असं काही नाहीच. आप्पा बरोबर होते. त्यांच्या यंत्रासाठी.

मग यंत्र बदललं. कल्पना साधी होती: उलटं करा. चुंबक फिरवा, आणि वीज देणारी वेटोळी बाहेर स्थिर ठेवा. पिक्सीचंच यंत्र एका अर्थाने. आता फिरत्या भागात फक्त चुंबकाला लागणारी थोडीशी वीज पोचवायची, तीही दोन गुळगुळीत कड्यांवरून. कार्बन निवांत. जास्त वेगाने फिरवता येतं, म्हणून उभ्या गाडीतही चार्जिंग होतं. हा झाला अल्टरनेटर.

मग हे आधी का नाही केलं? कारण वीज निघते एसी आणि बॅटरीला लागते डीसी. सरळ करायचे सेलेनियमचे रेक्टिफायर होते, पण अवजड. त्यामुळे बस आणि लष्करी गाड्या सोडल्या तर कुणी वाटेला जात नव्हतं. १९५०च्या दशकात सिलिकॉनचे डायोड आले. नखाएवढा तुकडा, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. १९६०मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि १९६१च्या आपल्या सगळ्या गाड्यांवर बसवला. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली ती अल्टरनेटर घेऊनच.

नाशिककरांना सिलिकॉनची ही करामत दुसरीकडेही दिसायची. मुंबईहून येणाऱ्या गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलायचं, आठवतंय? घाटाखालून १५०० व्होल्ट डीसी यायची आणि इगतपुरीपुढे २५,००० व्होल्ट एसी सुरू व्हायची. पण १९७० नंतर चित्तरंजनला बनलेल्या डब्ल्यूएएम-४ इंजिनांच्या चाकांवरच्या मोटारी डीसीच्याच होत्या. वरची एसी पोटातल्या सिलिकॉन रेक्टिफायरमधून सरळ होऊन मोटारींना मिळायची. आमच्या मारुतीत तेच काम सहा डायोड करतात.

आता काकांच्या गॅरेजमध्ये परत येऊ. काकांनी सगळ्यात आधी काय केलं? इंजिन बंद, आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. मी विचारलं, आधी तेच का? अल्टरनेटरच्या मागे रबरी टोपीखाली एक जाड वायर असते, ती बॅटरीच्या पॉझिटिव्हला थेट जोडलेली. चावी काढली तरी तिच्यात वीज असतेच. पाना तिथून बॉडीला लागला की जाळ. आता ती थेट जोडलेली का? कारण डायोड उलटी वीज जाऊच देत नाहीत, म्हणून कट-आउटची गरज संपली. इतिहासातला एक रिले गेला, म्हणून आज निगेटिव्ह आधी काढायचं.

मग ॲडजस्टरचा बोल्ट सैल केला, अल्टरनेटर इंजिनाकडे झुकवला आणि पट्टा उतरवला. काका त्याला फॅन बेल्ट म्हणतात. मारुतीचा रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटारीवर चालतो, या पट्ट्याचा त्याच्याशी संबंध नाही. हा पट्टा पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. पण फियाटमध्ये पंखा याच पट्ट्यावर होता. गाडी गेली, नाव राहिलं. मायकोचं नाव २००८मध्ये बॉश झालं तरी आपण सातपूरला जाताना "मायको सर्कलला सोडा" म्हणतो, तसंच.

मग वायर, कपलर, खालचा मोठा बोल्ट, आणि अल्टरनेटर बाहेर. काकांनी तो उघडला. एक कार्बन झिजून टोकाला आला होता. लाल दिवा मिणमिणत होता तो यामुळे. फक्त एवढंच असतं तर किरकोळ काम होतं. पण डायोड शॉर्ट झाले होते आणि रेग्युलेटर जळला होता.

हे कसं झालं ते सांगतो. अल्टरनेटर जोरात वीज देत असताना बॅटरी अचानक काढली, तर ती वीज जायला जागा उरत नाही. चुंबकाची कॉइल लगेच शांत होत नाही, तिला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात व्होल्टेज १४वरून उसळतं, ते १००च्या आसपाससुद्धा जाऊ शकतं. तांब्याने हे सोसलं असतं. सिलिकॉन नाही सोसत. आणि आम्ही रेस देऊन वाढीव वीज तयारच ठेवली होती. रेस मी दिली होती, हेही सांगायला हवं. इंजिनाचा कॉम्प्युटर वाचला, हे आमचं नशीब.

सुटे भाग घेऊन दुरुस्त करायचा तर खर्च जवळपास रिकंडिशन अल्टरनेटरएवढा. म्हणून अख्खाच बदलला. बसवायचा क्रम उलटा: खालचा बोल्ट, वायर, कपलर, पट्टा, ताण. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटिमीटर जायला हवा. सैल असला तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

आणि परीक्षा? काकांनी पप्पांच्या हातात मल्टीमीटर दिला. "भाऊ, आता तुम्ही बघा." इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४च्या दरम्यान आकडा यायला हवा. पप्पांनी चष्मा वर केला आणि वाचला, "चौदा पॉइंट एक." हेडलाइट लावून परत वाचला. चौदा.

येताना मी पप्पांना सॉरी म्हटलं. आप्पांची परीक्षा का बरोबर होती तेही सगळं सांगितलं, कट-आउटपासून. नाशिकरोडच्या पुलापर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आप्पा असते तर त्यांनी आधी काकांना विचारलं असतं की हे आतून कसं आहे. मी विचारलं नाही."

गाडी ठेवायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. इलेक्ट्रिक घेतली तर अल्टरनेटर हा विषयच संपतो, तिच्यात तो नसतोच. पण परवा बॉनेट उघडलं तर आतल्या बाजूला पप्पांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला दिसला, वर सेलोटेप. "इंजिन चालू असताना बॅटरी काढू नये. मीटर डिक्कीत आहे."

तुमच्या घरी फियाट, ॲम्बेसेडर, कुठलीही डायनॅमोवाली गाडी असेल, तर तिची गोष्ट नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.