रोदनिना, झाइत्सेव्ह आणि बंद पडलेलं संगीत

बर्फ म्हटलं की आपल्याला आधी गोळेवाला आठवतो. तेव्हा फिगर स्केटिंगमधलं मला फार कळतं असा दावा नाही. पण इरिना रोदनिनाबद्दल वाचायला घेतलं आणि गेला आठवडाभर तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून टाकतोय.

ही मॉस्कोची, जन्म १९४९ चा. लहानपणी सारखा न्यूमोनिया व्हायचा, म्हणून तब्येत सुधारावी यासाठी आईवडिलांनी तिला बर्फावर नेलं (आपल्याकडे सर्दी होईल म्हणून पंखा बंद करतात!). अंगाने चणीची, पण वेग विलक्षण. स्तानिस्लाव झुक या कडक प्रशिक्षकाने तिची जोडी अलेक्सेई उलानोव्हशी जमवली आणि १९६९ साली या दोघांनी पहिलं जगज्जेतेपद मिळवलं. तोवर या खेळावर बेलोउसोवा आणि प्रोतोपोपोव्ह या सोव्हिएत नवराबायकोचं राज्य होतं. त्यांचं स्केटिंग संथ, बॅलेसारखं. रोदनिना आली ती वादळासारखी.

पुढे चार वर्षं सगळं सुरळीत दिसत होतं. आतून मात्र नव्हतं. उलानोव्ह प्रेमात पडला ल्युद्मिला स्मिर्नोवाच्या, आणि ती होती दुसऱ्या सोव्हिएत जोडीतली, म्हणजे थेट प्रतिस्पर्धी. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये रोदनिना-उलानोव्हला सुवर्ण आणि स्मिर्नोवाच्या जोडीला रौप्य. जोडी फुटणार हे उघड होतं. त्याच वर्षी कॅल्गरीच्या जागतिक स्पर्धेआधी सरावात उलानोव्हने उचललेलं असताना ती वरून पडली. डोक्याला मार, इस्पितळ. तरीही ती स्पर्धेत उतरली आणि दोघं जिंकले. मग उलानोव्हने स्मिर्नोवाशी लग्न केलं आणि स्केटिंगही तिच्याबरोबर सुरू केलं.

आपल्याकडे १९७१ साली जयकिशन गेला, पण शंकरने 'शंकर-जयकिशन' हे नाव चालू ठेवलं. स्केटिंगमध्ये अशी सोय नाही. दुसरं माणूस शोधायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. झुकने लेनिनग्राडचा अलेक्सांद्र झाइत्सेव्ह निवडला. उंचापुरा, तिच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी लहान, आणि बाहेरच्या जगाला अनोळखी.

आता मला ज्यासाठी हे लिहायचं होतं ते. १९७३, ब्रातिस्लावा, जागतिक स्पर्धा. झाइत्सेव्हची ही पहिलीच, वय वीस. बाजूला चार वेळा जग जिंकलेली बाई. त्याच बर्फावर तिचा आधीचा जोडीदार नव्या बायकोबरोबर. आणि गाव कुठलं, तर चेकोस्लोव्हाकियातलं, जिथे पाचच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे घुसले होते. हे दोघं मध्यावर असताना संगीतच बंद पडलं. बिघाड होता की प्राग वसंत चिरडल्याचा राग कुणीतरी असा काढला, यावर आजही दोन मतं आहेत.

झुकने कडेवरून खूण केली, चालू ठेवा. आणि ते चालू राहिले.

जोडीच्या स्केटिंगमध्ये संगीत हे नुसतं सजावटीला नसतं. ते दोघांचं सामाईक घड्याळ असतं. शेजारीशेजारी गिरक्या घेताना एकमेकांकडे बघताही येत नाही, आणि अर्ध्या क्षणाची चूक झाली तर उचललेली बाई बर्फावर आपटते. ते घड्याळ गेल्यावर उरतो तो पात्यांचा खर्र खर्र आवाज आणि जोडीदाराचा श्वास. रोदनिनाकडे अनुभव होता. झाइत्सेव्हकडे एका वर्षाचा सराव. चुकलं असतं तर दोष कुणाच्या माथी गेला असता हे सांगायला नकोच. कौतुक सगळे तिचं करतात, मला मात्र त्या पोराचंच नवल वाटतं.

कार्यक्रम संपला आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. ज्यांच्या रस्त्यांवर रणगाडे फिरले होते त्यांनी! सुवर्ण यांना, रौप्य उलानोव्ह-स्मिर्नोवाला.

नंतरचं भराभर सांगतो. १९७४ मध्ये प्रशिक्षक म्हणून तात्याना तारासोवा आली, १९७५ मध्ये दोघांचं लग्न, १९७६ ला इन्सब्रुकचं सुवर्ण, १९७८ ला रोदनिनाचं सलग दहावं जगज्जेतेपद. १९७९ मध्ये मुलगा झाला, त्या वर्षीचं विजेतेपद अमेरिकेच्या बाबिलोनिया-गार्डनरने नेलं. १९८० च्या लेक प्लॅसिडला या दोन जोड्यांची झुंज बघायला जग टपून बसलं होतं, पण गार्डनरच्या दुखापतीमुळे अमेरिकन जोडी स्पर्धेआधीच बाहेर. रोदनिनाचं तिसरं ऑलिंपिक सुवर्ण, आणि व्यासपीठावर ती रडली.

संसार पुढे मोडला. २००७ मध्ये ती रशियाच्या ड्यूमात गेली. २०१३ मध्ये तिच्या ट्विटरवर ओबामांचं केळ्याबरोबरचं बनावट चित्र झळकलं, त्यावरून रान उठलं. मलाही ते चित्र बघून चीड आली होती, अजूनही येते. तरी पुढच्या वर्षी सोचीची ऑलिंपिक ज्योत पेटवायला त्रेत्याकबरोबर तीच होती.

मधे काही वर्षं ती अमेरिकेत शिकवत होती. तिथे तिच्या हाताखाली तयार झालेली कोवार्झिकोव्हा आणि नोव्होत्नी ही जोडी १९९५ साली जगज्जेती झाली. दोघंही चेक.